पानाचा मोह, मजकुराची आबाळ

मराठी प्रकाशनव्यवहारात सध्या एक चमत्कारिक प्रकार रूढ होऊ पाहतो आहे. एखादे पुस्तक ‘ई-बुक’ स्वरूपात उपलब्ध झाल्याची जाहिरात होते, वाचक रीतसर पैसे मोजून ते घेतो, आपल्या मोबाइलवर उघडतो आणि त्याच्या हाती पडते ते पुस्तक नव्हे, पुस्तकाचे छायाचित्र. छापील पान जसेच्या तसे काचेवर डकवलेले. त्याच समासांसह, त्याच पृष्ठक्रमांकासह, आणि ज्या टंकात ते कागदावर छापले त्याच टंकात. प्रकाशकाच्या लेखी पुस्तक ‘डिजिटल’ झालेले असते. वाचकाच्या लेखी ते वाचता येण्याजोगे राहिलेले नसते.

हा हिशेब अगदी सोपा आहे आणि तो कोणालाही करता येईल. आपल्याकडची बहुसंख्य पुस्तके डेमी आकारात निघतात. म्हणजे पानाची रुंदी साडेपाच इंच. मोबाइल साडेसहा इंची म्हणून विकला जातो, पण ते मोजमाप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे. प्रत्यक्षात त्याच्या पडद्याची रुंदी जेमतेम पावणेतीन इंच भरते. साडेपाच इंचांचे पान पावणेतीन इंचांत बसवायचे तर सगळेच निम्मे होणार. बारा पॉइंटांचे अक्षर सहा पॉइंटांवर येणार. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचायला जेवढे कष्ट पडतात तेवढे कष्ट घेऊन कोणी तीनशे पानांची कादंबरी वाचावी अशी आपली अपेक्षा आहे काय? दोन बोटांनी पान मोठे करता येते हे खरे. पण मग ओळीचा अर्धा भाग पडद्याबाहेर जातो आणि एकेका ओळीसाठी पान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकवत बसावे लागते. असे वाचन दहा मिनिटांत संपते. पुढे वाचक म्हणतो, ‘ई-बुकची मला गोडी नाही.’ आणि प्रकाशक म्हणतो, ‘मराठीत ई-बुकला वाचक नाही.’

दोघांचेही म्हणणे मला मान्य नाही. मराठी वाचकाने ई-बुक नाकारलेले नाही. त्याला ते नीट दिले गेलेलेच नाही.

मी तेहेतीस वर्षे बँकेत काढली. वहीखात्यांच्या जाडजूड लेजरांपासून संगणकाच्या पडद्यापर्यंतचा सारा प्रवास आमच्या पिढीने काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिला. बँकांच्या संगणकीकरणासाठी नेमलेल्या रंगराजन समित्यांचे अहवाल १९८४ आणि १९८९ साली आले, तेव्हा आमच्यात पुष्कळ वाद झाले. पण त्या सगळ्या उलथापालथीतून एक गोष्ट आम्ही शिकलो. ग्राहकाचे पैसे पासबुकात नसतात, ते खात्यात असतात. पासबुक, एटीएमच्या पावतीचा चिटोरा, मोबाइलवर येणारा संदेश, ही एकाच शिलकेची वेगवेगळी दर्शने. शिलक एक, दाखवण्याच्या तऱ्हा अनेक. पासबुक छापणाऱ्या यंत्रात पुस्तिका जरा तिरकी गेली की जमेची रक्कम नावेच्या रकान्यात उमटायची आणि ग्राहक हवालदिल व्हायचा. पण खाते बिनचूक असे, म्हणून पुस्तिका पुन्हा छापून देता येई. उद्या कोणी म्हणाले असते की, ‘पासबुकाच्या पानाचा फोटो हेच आमचे खाते’, तर त्या बँकेत कोणी पैसे ठेवले असते?

पुस्तकाचेही नेमके असेच आहे. मजकूर म्हणजे खाते आणि पान म्हणजे पासबुक. छपाईच्या काळात दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेली होती, त्यामुळे त्यांच्यातला भेद आपल्याला कधी जाणवला नाही. आता तो जाणवला पाहिजे. कारण आज एकच कादंबरी कोणी मोबाइलवर वाचतो, कोणी सहा इंची किंडलवर, कोणी दहा इंची टॅबवर, तर कोणी घरच्या संगणकावर. सत्तरी ओलांडलेल्या वाचकाला अक्षर ठसठशीत हवे असते. लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्याला एका हातात मावेल असे हवे असते. रात्री दिवा मालवून वाचणाऱ्याला काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर हवे असते. या सगळ्यांना पुरेल असे एक पान जगात कोणालाच मांडता येणार नाही. मांडता येतो तो मजकूर. त्याचे पान प्रत्येकाच्या हातात, त्याच्या सोयीने, त्या क्षणी तयार होते.

ही युक्ती काही गूढ नाही. जगभर रूढ असलेला ईपब नावाचा प्रकार याच तत्त्वावर उभा आहे. तो अधिकृत मानक झाला २००७ साली आणि त्याची तिसरी, अधिक समर्थ आवृत्ती आली २०११ साली. ईपब म्हणजे मुळात वेबसाइटची पाने ज्या भाषेत लिहितात त्याच भाषेत लिहिलेल्या काही फाइलींची बांधलेली पुरचुंडी. तीत ‘हे प्रकरणाचे नाव’, ‘हा परिच्छेद’, ‘ही तळटीप’, ‘ही कवितेची ओळ’ एवढेच सांगितलेले असते. अक्षर केवढे, ओळ कुठे तुटणार, पान कुठे संपणार हे वाचण्याचे यंत्र आणि वाचणारा माणूस मिळून ठरवतात. याउलट पीडीएफ हा प्रकार १९९३ साली जन्मला तोच मुळी छापील पान जसेच्या तसे दिसावे म्हणून. छापखान्यात पाठवायला तो उत्तम. त्याचा दोष नाही. दोष आहे तो छापखान्यासाठी केलेली फाइल वाचकाच्या गळ्यात बांधणाऱ्यांचा.

खिळ्यांपासून फॉन्टांपर्यंत

मग मराठीत हे घोडे अडले कुठे? त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

देवनागरी ही यंत्राला नेहमीच अवघड वाटलेली लिपी आहे. इंग्रजीचा संसार सव्वीस अक्षरांच्या लहानमोठ्या रूपांत भागतो. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे छापखान्यातल्या केसांत शेकडो खिळे ठेवावे लागत. ही संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनीही खटपट केली होती. सावरकरांच्या ‘अ’च्या बाराखडीमागेही छपाईच्या सोयीचा विचार होताच. म्हणजे विसाव्या शतकाचा निम्मा भाग आपण एका प्रश्नाभोवती घुटमळत होतो. यंत्रासाठी लिपी बदलायची की लिपीसाठी यंत्र? संगणकाने हा प्रश्न लिपीच्या बाजूने सोडवला. यंत्र पुरेसे हुशार झाले आणि लिपीला हातपाय तोडून घ्यावे लागले नाहीत. या विजयाचे मोल आपण ओळखलेले नाही.

परंतु तो विजय दोन टप्प्यांत आला आणि घोळ झाला तो पहिल्या टप्प्यात. १९९० च्या दशकात गल्लोगल्ली डीटीपीची दुकाने निघाली. खिळे गेले, फॉन्ट आले. हे फॉन्ट दिसायला देवनागरी, पण आतून रोमन. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर आपले काने, मात्रा आणि अर्धी अक्षरे नेऊन बसवलेली. संगणकाला वाटे आपण इंग्रजी लिहितो आहोत, आणि कागदावर उमटे मराठी. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. एकाच्या फॉन्टात लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टात उघडला की निरर्थक चिन्हांची रांगोळी. छापील पुस्तकाला यामुळे काहीच बाधा आली नाही, कारण कागदावर शेवटी आकारच उमटायचे होते. पण फाइलीत मराठी भाषा नव्हतीच, होते ते नुसते आकार.

खरे म्हणजे त्याच काळात योग्य वाटही तयार होत होती. पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्था भारतीय लिप्यांवर काम करीत होत्या. भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ साली राष्ट्रीय मानक झाली. युनिकोडची पहिली आवृत्ती त्याच वर्षीची, आणि तिच्यातली देवनागरीची रचना इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली. पुढे विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट घरोघर पोहोचला. तो रेखाटणारे र. कृ. जोशी हे आपलेच कवी आणि सुलेखनकार. म्हणजे २००० सालानंतर मराठी मजकूर मराठी म्हणूनच साठवायला तत्त्वतः काही अडचण उरली नव्हती. पण डीटीपीचा धंदा ज्या पेजमेकरवर बसला होता, त्याची अखेरची आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोड ठाऊक नव्हता. दुकानदाराचा हात बसलेला, प्रकाशकाला घाई, लेखकाला या भानगडीत रस नाही. तेव्हा जुनेच चालू राहिले, आणि पुढेही कितीतरी वर्षे राहिले.

परिणाम असा की १९९० नंतरच्या दोन दशकांतील मराठी साहित्याचा फार मोठा हिस्सा अशा फाइलींत अडकून पडला आहे. त्याआधीची पुस्तके निदान नव्याने टंकलिखित तरी करावी लागणार हे सर्वांना ठाऊक आहे. या मधल्या पुस्तकांबद्दल मात्र ‘आमच्याकडे सॉफ्ट कॉपी आहे’ असा गोड गैरसमज आहे. ही ‘सॉफ्ट कॉपी’ म्हणजे कुठल्यातरी कपाटातली एक सीडी. ती वाचणारे यंत्र आता घरात सापडत नाही आणि ज्या फॉन्टात ती लिहिली तो फॉन्ट नव्या संगणकावर चालेलच याची शाश्वती नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही खाती अजून ताळेबंदात दिसतात, पण त्यांची वसुली होणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे.

आचारी की आचार्य?

जुना मजकूर युनिकोडमध्ये पालटून देणारी साधने आहेत, आणि ती उपयोगीही आहेत. पण त्यांच्यावर विसंबून मुद्रितशोधन टाळले की काय होते ते सांगतो. खिळ्याच्या किंवा जुन्या फॉन्टाच्या हिशेबात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण ती उच्चारात नंतर येते. रफाराचे उलट. ‘अर्थ’ लिहिताना रफार ‘थ’च्या डोक्यावर नंतर चढतो, पण उच्चारात ‘र्’ आधी आहे, म्हणून साठवणीतही तो आधी हवा. पालटणाऱ्या साधनाला ही उलटापालट दर शब्दाला करावी लागते. बहुतेक जागी ते जमते. जिथे जमत नाही तिथे वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

मराठीची खरी सत्त्वपरीक्षा होते ती आपल्या खास अक्षरांपाशी. हिंदीला ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांची गरज नाही, आपल्याला आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावले तर प्रवचन होईल आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर जेवण. माझ्या एका कादंबरीत लग्नघराचे दीर्घ प्रकरण आहे. तिची ई-आवृत्ती निघाली तेव्हा त्या प्रकरणात भट्टीपाशी उभे राहून जिलबी तळणारे सगळे आचारी आचार्य होऊन बसले होते. प्रकाशकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांनी काम एका कंत्राटदाराला दिले, त्याने ते यंत्राला दिले, आणि अखेरचे प्रूफ कोणालाच दिले नाही. छापील पुस्तकाची दोन-दोन प्रुफे तपासून घेणारी माणसे ई-आवृत्ती एकदाही डोळ्यांखालून न घालता बाजारात सोडतात, याचा अर्थ तिला ती पुस्तकच मानत नाहीत.

‘ॲ’चीही अशीच कथा. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. त्याआधी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र चिकटवीत. डोळ्यांना दोन्ही सारखीच भासतात, यंत्राला मात्र ती दोन वेगळी अक्षरे वाटतात. त्यामुळे काही पडद्यांवर चंद्र ‘अ’वरून घसरून एका ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसतो. एकाच पुस्तकात ‘ॲडव्होकेट’ दोन प्रकारे साठवले असतील तर शोध घेताना निम्मे सापडतात, निम्मे सापडत नाहीत.

तिसरी गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची. मराठी वळणाचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हिंदी वळणाहून निराळे आहेत. महाराष्ट्र शासनाने मराठीची प्रमाण वर्णमाला २००९ साली जाहीर केली आणि २०२२ साली ती सुधारून पुन्हा जाहीर केली. पण वाचणाऱ्या यंत्रापर्यंत शासननिर्णय पोहोचत नाही. त्याला फाइलीतच सांगावे लागते की या मजकुराची भाषा मराठी आहे. ईपबमध्ये ही खूण एका छोट्या ओळीत करता येते. ती केली तर काही फॉन्ट आपोआप मराठी वळण धरतात, शब्दकोश मराठीचा उघडतो आणि मजकूर मोठ्याने वाचणारा आवाज मराठी निवडला जातो. ती केली नाही, किंवा आळसाने ‘हिंदी’ अथवा ‘इंग्रजी’ अशी केली, तर पुस्तक परक्या उच्चारात बोलू लागते. एका ओळीची किंमत एवढी आहे.

बाकीच्या चुका अक्षरांच्या नसून सवयींच्या आहेत. नवे प्रकरण नव्या पानावर यावे म्हणून वीस वेळा ‘एंटर’ दाबायची आपली सवय. छापील पानावर ते खपून जाते, मोबाइलवर मात्र वाचकाला कोऱ्या पडद्यांमागून कोरे पडदे ओलांडावे लागतात. परिच्छेद आत ओढायला पाच वेळा स्पेस. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांत अंतर. त्याने इंग्रजी शीर्षक देखणे दिसते, आपली मात्र शिरोरेखाच तुटते. छापील ओळीच्या शेवटी शब्द तोडायला घातलेली आडवी रेघ तशीच राहिली की ‘विद्या-र्थी’ ओळीच्या मधोमध उभा. अक्षराचा रंग काळाच असा हुकूम फाइलीत देऊन ठेवला की रात्री पार्श्वभूमी काळी करणाऱ्याला काही यंत्रांवर काळ्यावर काळे दिसते, म्हणजे काहीच दिसत नाही. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. ओळीच्या दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा अट्टहास केला की अरुंद पडद्यावर शब्दांत भगदाडे पडतात, कारण आपले शब्द प्रत्यय लागून लांबच लांब होतात आणि ते कुठे तोडावेत हे यंत्राला सांगितलेले नसते. कवितेची ओळ तर कशीही मोडते आणि मोडलेला तुकडा नवी ओळ म्हणून उभा राहतो. तो तुकडा थोडा आत सरकवला तर वाचकाला कळते की ही ओळ कवीने मोडलेली नाही, पडद्याने मोडली आहे.

यातली एकही गोष्ट अवघड नाही. प्रत्येकीला उपाय आहे आणि बहुतेक उपाय फुकट आहेत. ईपब तयार करणारी आणि तपासणारी साधने मोफत मिळतात. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’, मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ असे चांगले फॉन्ट कोणालाही वापरता येतात. लागते ती फक्त हे काम आहे अशी जाणीव, आणि ते करणाऱ्याला द्यायचे चार पैसे.

आक्षेपांचा विचार

प्रकाशकांची बाजू मला कळत नाही असे नाही. हजार-पाचशे प्रतींची आवृत्ती संपायला जिथे वर्षे लागतात, तिथे ई-आवृत्तीवर वेगळा खर्च करा म्हणणे सोपे आहे. विक्री किती होईल याचा भरवसा नाही. शिवाय चोरीची भीती. पण चोरीच्या भीतीने पीडीएफ काढणे म्हणजे कुलूप मोडेल म्हणून दार उघडे ठेवण्यासारखे आहे. फोनाफोनी फिरतात त्या पीडीएफच. आणि खर्चाचे म्हणाल, तर तो दोनदा होतो तो आधी छापील पान करून मग त्याचे ई-बुक करायला जातो म्हणून. लेखकाची प्रत युनिकोडमध्ये घेऊन, शीर्षक, परिच्छेद, अवतरण अशा खुणा पहिल्याच दिवशी नीट करून ठेवल्या, तर त्याच मुळातून छापील पानही निघते आणि ईपबही. आम्ही बँकेत नोंद एकदाच करायचो, अहवाल हवे तेवढे काढायचो.

बाजारानेही आपली फार काळ उपेक्षा केली हे नोंदवले पाहिजे. किंडल प्रथम आले २००७ साली आणि त्याने मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके अधिकृतपणे घ्यायला सुरुवात केली ती २०१६ च्या अखेरीस. तोवर तिथे मराठी पुस्तक नेणे म्हणजे जुगाड होता. पण ती सबब आता उरलेली नाही. जपानी लिपी वरून खाली चालते आणि अरबी उजवीकडून डावीकडे. या दोघींचीही सोय २०११ च्या ईपबमध्ये झाली, कारण आपल्याला काय हवे हे मागणारे लोक त्यांच्यामागे होते. मागितल्याशिवाय मिळत नाही, हा नियम लिप्यांनाही लागू आहे.

दुसरा आक्षेप रसिकांचा. पानाची मांडणी ही कला आहे, तिचा विचका करून काय साधणार? या आक्षेपाबद्दल मला आदर आहे. माझ्या पहिल्या कथा खिळ्यांनी जुळवलेल्या दिवाळी अंकांत छापल्या गेल्या आणि त्या पानांचा वास अजून माझ्या नाकात आहे. छापील पान तसेच राहावे, अधिक देखणे व्हावे. चित्रमय बालपुस्तके, नकाशे, मांडणीशी खेळणारी कविता यांच्यासाठी स्थिर पानाचे ई-बुक करण्याचीही सोय आहे. पण कादंबरी, चरित्र, निबंध, इतिहास यांचे प्राण मांडणीत नसतात, वाक्यांत असतात. आपल्या संतांचे वाङ्मय बोरूने लिहिलेल्या पोथ्यांतून, शिळाछापातून, खिळ्यांतून आणि ऑफसेटमधून आपल्यापर्यंत आले. दर वेळी पान बदलले. वाङ्मय टिकले ते पान बदलूनही मजकूर शाबूत ठेवणाऱ्या लोकांमुळे.

आणि एक वाचक असा आहे की ज्याच्यासाठी ही चर्चा सौंदर्याची नाहीच. दृष्टिहीन विद्यार्थी मजकूर ऐकून वाचतो. त्याचे यंत्र युनिकोडमधला मजकूर वाचून दाखवते. स्कॅन केलेल्या पानापुढे ते मुके होते, आणि जुन्या फॉन्टातल्या फाइलीपुढे असंबद्ध बडबडू लागते. दृष्टिहीनांना वाचता येतील अशा प्रती तयार करण्याची मुभा आपल्या कॉपीराइट कायद्याने २०१२ च्या दुरुस्तीत दिली. यासंबंधीचा मराकेश करार २०१३ साली झाला आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता. अभिमानाची गोष्ट आहे. पण करारावर सही केल्याने पुस्तक बोलू लागत नाही. त्यासाठी मूळ फाइलीत मराठी असावी लागते.

काय करावे?

माझ्या सूचना चार आहेत आणि चारही आजपासून अमलात आणता येण्याजोग्या आहेत.

पहिली लेखकांना. करारात एक कलम घाला की शेवटच्या दुरुस्त्यांसह संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये तुम्हाला मिळेल. मानधनाबद्दल आपण संकोचतो, निदान मजकुराबद्दल संकोचू नये. आणि आपल्या ई-आवृत्तीचे प्रूफ स्वतः, एखाद्या साध्या मोबाइलवर, अक्षर सर्वांत मोठे करून वाचा.

दुसरी प्रकाशकांना. ई-आवृत्तीला पुस्तकाचा मान द्या. ती कोणी सिद्ध केली त्याचे नाव मुद्रक आणि मुखपृष्ठकार यांच्याबरोबर छापा. नाव आले की जबाबदारी येते. आणि कपाटातल्या सीडी उद्याच बाहेर काढा. ज्यांनी त्या फाइली केल्या ते डीटीपीवाले आज निवृत्तीच्या वयाला आले आहेत. त्यांच्याबरोबर त्या फॉन्टांचे ज्ञानही निघून जाईल.

तिसरी शासनाला. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला छापील पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. मराठी पुस्तकांना जिथे सार्वजनिक पैशातून अनुदान मिळते, तिथे ईपबची एक निर्दोष प्रतही राज्याच्या एखाद्या ग्रंथभांडारात जमा करण्याची अट घालावी. ती लगेच सर्वांना फुकट वाटा असे मी म्हणत नाही. ती तिजोरीत असू द्या. लॉकरमधला दागिना रोज कोणी घालत नाही, पण तो आहे हे माहीत असणे महत्त्वाचे.

चौथी वाचकांना. पैसे देऊन घेतलेल्या ई-बुकात अक्षर मोठे होत नसेल, ‘ऱ्या’ तुटत असेल, प्रकरणांच्या यादीवरून प्रकरणाकडे जाता येत नसेल, तर तक्रार करा. पानांचा क्रम उलटा लागलेले छापील पुस्तक आपण दुकानदाराला परत देतो. इथे मात्र ‘आपल्यालाच मोबाइल कळत नाही’ असे म्हणून गप्प बसतो. दोष तुमचा नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, ते योग्यच झाले. भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करताना आपण ताम्रपट, शिलालेख आणि पोथ्या पुढे केल्या. दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेली अक्षरे आजही वाचता येतात. तीस वर्षांपूर्वी डीटीपीच्या दुकानात जुळवलेली कादंबरी मात्र आज उघडत नाही. पुढच्या पिढ्यांनी आपल्याकडे पुरावा मागितला तर त्यांना दाखवायला आपल्यापाशी नुसती पानांची छायाचित्रे असता कामा नयेत. शिलक खात्यात आहे, याची खात्री आपल्याला आपल्या हयातीतच करून घेतली पाहिजे.